‘जरा हसा ना!’ पण कसे?

लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीच्या शेजारी आप्तेष्टांची रांग उभी राहते. छायाचित्रकार कॅमेरा डोळ्याला लावतो आणि ठरलेले वाक्य उच्चारतो, ‘काका, जरा हसा ना!’ काका ओठ ताणतात. पुतण्याच्या लग्नासाठी ते रात्रभर प्रवास करून आलेले असतात आणि मनातून आनंदलेलेही असतात. मात्र अल्बम हाती येतो, तेव्हा त्यातील त्यांचा चेहरा निवडणूक ओळखपत्रावरच्या चेहऱ्यासारखा दिसतो. घरात थट्टा होते आणि विषय तेथेच संपतो.

काहींच्या बाबतीत मात्र तो संपत नाही. चारचौघांत गेले की त्यांचा चेहरा आखडतो, गाल जड होतात आणि ओठांचे कोपरे थरथरू लागतात. नोकरीची मुलाखत असो, कांदेपोह्यांचा कार्यक्रम असो की कार्यालयातला वाढदिवस, ‘आता हसायला हवे’ एवढे कळते, पण हसू येत नाही. आले तरी उसने वाटते. भोवतालचे लोक मग ‘शिष्ट’, ‘घुम्या’, ‘एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा’ अशी विशेषणे चिकटवून मोकळे होतात. अशी व्यक्ती हळूहळू समारंभ टाळू लागते, माणसे टाळू लागते. घरी, जिवलग मित्रांत किंवा लहान मुलाशी खेळताना हीच व्यक्ती खळखळून हसते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

एकाच चेहऱ्याची ही दोन रूपे कशी? या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रात आहे आणि ते समजले, तर मनावरचे निम्मे ओझे उतरू शकते.

एक चेहरा, दोन वाटा

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चेतातज्ज्ञ द्युशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना सौम्य विद्युतप्रवाह देऊन कोणता स्नायू कोणता भाव उमटवतो, याचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्नायू आखडला, की ओठ वर खेचले जातात. पण तेवढ्याने हसू खरे वाटत नाही. त्यासाठी डोळ्यांभोवतीचा स्नायूही हलकेच आवळला जावा लागतो. पहिला स्नायू इच्छेचे ऐकतो, दुसरा मात्र मनातल्या खऱ्या आनंदाचेच ऐकतो, असा द्युशेन यांचा निष्कर्ष होता. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये भावाभिव्यक्तीवर लिहिलेल्या ग्रंथात द्युशेन यांची छायाचित्रे वापरली. डोळ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या हास्याला आजही ‘द्युशेन हास्य’ म्हणतात. बऱ्याच जणांना डोळ्यांभोवतीचा स्नायूही ठरवून आवळता येतो, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले. त्यामुळे खऱ्या-खोट्या हास्याची ही कसोटी अचूक मानता येत नाही. तथापि, ठरवून केलेले हसू आणि आपोआप आलेले हसू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला गाभा टिकून राहिला.

याचा पुरावा रुग्णांकडून मिळतो. मेंदूच्या ज्या भागातून हालचालींचे हुकूम सुटतात, तेथे इजा झाली, तर ‘दात दाखवा’ असे डॉक्टरांनी सांगताच रुग्णाच्या ओठांची एकच बाजू हलते. पण त्याच रुग्णाला विनोद सांगितला, तर दोन्ही बाजू सारख्या हलून निर्मळ हसू उमटू शकते. उलट प्रकारचे रुग्णही आढळतात. सांगितले की त्यांना हसता येते, पण विनोदाला हसताना अर्धाच चेहरा फुलतो. याचा अर्थ असा, की मेंदूपासून चेहऱ्यापर्यंत येणाऱ्या वाटा दोन आहेत. एक इच्छेची आणि एक भावनेची. शेवटी दोन्ही वाटा सातव्या मज्जातंतूपाशी, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूपाशी येऊन मिळतात.

छायाचित्रकाराने ‘हसा’ म्हटल्यावर काका इच्छेच्या वाटेने हसू आणू पाहतात. भावनेच्या वाटेने येणारे हसू तोपर्यंत बिचकून मागे गेलेले असते.

भरतमुनींनाही ठाऊक होते

हा भेद आपल्या परंपरेला नवा नाही. नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. हातवारे आणि चेहऱ्याच्या हालचाली आंगिक अभिनयात येतात. घाम, रोमांच, कंप, अश्रू यांसारखे आठ सात्त्विक भाव मात्र केवळ अवयव हलवून साधत नाहीत. त्यासाठी मन एकाग्र व्हावे लागते, असे भरतमुनी सांगतात. हास्याचेही त्यांनी सहा प्रकार केले आहेत. त्यातले सर्वांत सौम्य ते ‘स्मित’. त्यात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत. ज्या कलेचा सराव करण्यात नट आयुष्य घालवतात, ती सामान्य माणसाला कॅमेऱ्यासमोर क्षणार्धात जमावी, ही अपेक्षाच मुळात अवाजवी आहे.

लक्ष आत वळते तेव्हा

चारचौघांत चेहरा आखडण्यामागे बहुधा संकोच आणि भीती असते. तिने रोजचे जगणे अडवले, तर मानसशास्त्रात तिला ‘सामाजिक चिंताविकार’ म्हणतात. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये या विकाराची जी मांडणी केली, ती येथे नेमकी लागू पडते. अशा प्रसंगी व्यक्तीचे लक्ष समोरच्या माणसावरून उडून स्वतःकडे वळते. ‘मी कसा दिसतोय? माझे ओठ वाकडे झाले का?’ असा पहारा आत सुरू होतो. ‘मला अवघडल्यासारखे वाटते आहे, म्हणजे मी तसाच दिसत असणार,’ असा निष्कर्षही मन परस्पर काढते. समोरचा काय बोलला, त्यात गंमत काय होती, हे मग कानांवरून निघून जाते. आणि ज्या बोलण्याला हसायचे, तेच ऐकले नाही, तर हसू येणार कोठून?

सायकल चालवताना आपण प्रत्येक पॅडलचा विचार करू लागलो, तर तोल जातो. चेहऱ्याचेही तसेच आहे.

शिवाय, इतरांचे आपल्याकडे जेवढे लक्ष आहे असे आपल्याला वाटते, तेवढे ते नसते. अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळवाणे वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवण्यात आले. खोलीतल्या जवळपास निम्म्या जणांनी ते चित्र ओळखले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ओळखणारे सुमारे पावच होते. सगळे आपल्याच चेहऱ्याकडे पाहत आहेत, ही समजूतही बहुतांशी अशीच फुगलेली असते.

उसने हसू कामी येते का?

‘आधी हसा, मग आपोआप आनंद वाटेल,’ असा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याला आधार म्हणून १९८८ मधील एका प्रयोगाचा दाखला देतात. दातांत पेन धरल्याने नकळत हसरी ठेवण झालेल्यांना व्यंगचित्रे अधिक गमतीदार वाटली, असे त्यात आढळले होते. पुढे २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. त्यानंतर १९ देशांतील ३,८७८ जणांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधला मार्ग निघाला. हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्याने किंवा ओठांचे कोपरे जाणीवपूर्वक उचलल्याने मनाला थोडे बरे वाटते, पण थोडेच. पेनच्या युक्तीबाबत मात्र ठोस निष्कर्ष निघाला नाही. म्हणजे उसने हसू निरुपयोगी नाही, पण ते रामबाण औषधही नव्हे.

आजाराची खूण

सगळीच निर्विकार मुद्रा संकोचातून येते असे नाही. आधी हसरा असलेला चेहरा बदलला असेल, तर त्याकडे स्वभाव म्हणून पाहणे महागात पडू शकते.

पार्किन्सन्स या आजारात मेंदूतील डोपामाइन हे द्रव्य कमी होते आणि आपोआप होणाऱ्या हालचाली मंदावतात. चालताना हात हलणे, पापण्यांची उघडझाप आणि चेहऱ्यावरचे भाव हे सारे त्यात येते. चेहरा मुखवट्यासारखा स्थिर दिसू लागतो, आवाज हळू होतो. कंप ठळक होण्याआधीही हे बदल दिसू शकतात. घरचे समजतात, ‘निवृत्तीनंतर बाबा तुसडे झाले.’ नातू जवळ यायला बिचकतो. वास्तविक बाबांना नातवाचे कौतुक तेवढेच असते; ते चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही इतकेच. औषधे आणि व्यायाम यांनी यात बऱ्यापैकी सुधारणा होऊ शकते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. घरातल्यांना आजाराची ओळख करून देणे, हेही अशा गटांचे मोठे काम असते.

एका बाजूचा चेहरा अचानक लुळा पडतो, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळते. याला लोक ‘वारे लागले’ म्हणतात. हा बहुधा ‘बेल्स पाल्सी’ असतो. त्यात सातव्या मज्जातंतूला सूज येते. पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचे उपचार सुरू झाले, तर पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. तेल चोळण्यात हे तास वाया घालवू नयेत. उघड्या राहणाऱ्या डोळ्याची काळजीही तितकीच महत्त्वाची असते. तथापि, तोंड वाकडे होण्याबरोबर हातात अशक्तपणा आला किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी घरी निदान करत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

नैराश्यातही चेहऱ्यावरचे भाव मावळतात. काही मनोविकारांवरील औषधांनीही चेहरा ताठरल्यासारखा होऊ शकतो. असे झाल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. स्वमग्न व्यक्तींच्या मनात भावना असतात, पण त्या व्यक्त करण्याची रीत निराळी असू शकते. आणि काही जण जन्मतःच चेहऱ्याच्या स्नायूंच्या पक्षाघातासह येतात. त्यांचा आनंद आवाजातून आणि हातवाऱ्यांतून व्यक्त होतो.

काय करता येईल?

केवळ संकोचामुळे चेहरा आखडत असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे आरशापुढचा सराव कमी करावा. त्याने स्वतःवरचा पहारा अधिकच कडक होतो. त्याऐवजी लक्ष बाहेर वळवण्याचा सराव करावा. समोरची व्यक्ती काय सांगते आहे, तिच्या बोलण्यात नवे काय आहे, तिला पुढे काय विचारता येईल, याकडे मन लावावे. उपचारांत एक साधा प्रयोग करून घेतात. एकदा पूर्ण लक्ष स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवून बोलायचे आणि एकदा पूर्ण लक्ष समोरच्यावर ठेवून. फरक ज्याचा त्यालाच कळतो. कधी त्या संभाषणाचे चित्रीकरणही दाखवतात. आपण समजत होतो तेवढे वाईट दिसत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर पुष्कळांची भीती ओसरते.

दुसरी गोष्ट, लहान प्रसंगांपासून सुरुवात करावी. दूधवाल्याशी किंवा बसथांब्यावरच्या शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलणे हाही सरावच आहे. हसू आलेच नाही, तर मानेने दिलेली दाद, ‘वा, छान!’ हे शब्द आणि नजरेतला आदर हीही आपुलकीची भाषाच आहे. जवळच्या माणसांना ‘माझा चेहरा गंभीर दिसतो, पण मला मजा येते आहे,’ असे सरळ सांगून टाकण्यातही कमीपणा नाही.

भीतीपायी शिक्षण, नोकरी किंवा नाती अडू लागली असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती या विकारात गुणकारी ठरली आहे. गरजेनुसार औषधेही दिली जातात. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून, १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

पाहणाऱ्यांचीही जबाबदारी

हा सारा प्रयत्न एकट्या त्या व्यक्तीनेच करावा, असे मात्र नाही. ‘तू हसत का नाहीस?’ हा प्रश्न चारचौघांत विचारला, की त्या व्यक्तीचे लक्ष पुन्हा आपल्या चेहऱ्याकडे वळते आणि उमटू पाहणारे हसूही विरते. मुलाखत घेणाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि स्थळ पाहायला आलेल्या मंडळींनी केवळ चेहऱ्यावरून स्वभावाचा निवाडा करणे टाळले, तर कितीतरी जणांची वाट सुकर होईल.

अनुभवी छायाचित्रकार ‘हसा’ म्हणतच नाहीत. ते काकांना विचारतात, ‘नवरदेव लहानपणी फार खोडकर होता म्हणे?’ काका उत्तर द्यायला तोंड उघडतात, कॅमेरा विसरतात, आणि नेमक्या त्याच क्षणी कळ दाबली जाते.