पाटेश्वरचे तळे आणि अण्णांची विहीर

डोंगरावर पाणी कसे टिकते, हा प्रश्न मला पाटेश्वरला जाईपर्यंत कधी पडलाच नव्हता. आमच्या जत तालुक्यात पाणी खोल असते आणि तेही नशिबात असले तरच, एवढेच आम्हांला ठाऊक!

गेल्या नोव्हेंबरात भूगोल विभागाची एक दिवसाची सहल साताऱ्याजवळच्या पाटेश्वरला गेली. देगाव मागे टाकून आम्ही चढणीला लागलो. वाटेत उघड्या पडलेल्या कातळापाशी सर थांबले आणि त्यांनी विचारले, "हा कोणता खडक?" सगळे एका सुरात म्हणाले, "बेसाल्ट!" माझ्या तोंडून मात्र "मांजऱ्या" हा शब्द निघून गेला. हशा पिकला. सर हसले नाहीत. "हा शब्द तुला कोणी शिकवला?" माझे वडील विहिरी फोडतात, हे मी दोन वर्षांत वर्गात कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले.

"मग पुढचे तूच सांग," सर म्हणाले. मी जे सांगितले आणि सरांनी त्यात जी भर घातली, ते येथे मांडते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून आपला दख्खन बनला. थराच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या व पुढे त्यांत पांढरी खनिजे भरली. हा ठिपकेदार खडक म्हणजे अण्णांचा मांजऱ्या. घट्ट खडक तो काळा पाषाण. सुतकीचा घाव बसला की ठिणगी उडते. त्यात पाणी उतरते ते फक्त भेगांतून. दोन थरांच्या सांध्यावर कधी कधी तांबडा पट्टा लागतो. खालच्या थराची झीज होऊन झालेली ही माती वरून आलेल्या तप्त लाव्ह्याने भाजून निघालेली असते. अण्णा तिला गेरू म्हणतात. मुरलेले पाणी अशा चिकण थराशी अडते, आडवे सरकते आणि उतारावर झरा होऊन बाहेर येते. कासला वर जांभा आहे, म्हणजे खडक निराळा. पण वर मुरायचे आणि खाली अडायचे, हा न्याय तोच.

पायऱ्या चढून गेल्यावर पुष्करिणी दिसली. पाण्यावर कमळाची पाने पसरली होती. पुढे मंदिर आणि लेणी. लहानमोठ्या पिंडी किती, मोजता मोजता आम्ही थकलो. पुढून माणूस आणि मागून बैल अशी एक मूर्ती आहे. जाणकार तिला अग्निवृष म्हणतात. वऱ्हाडघर नावाच्या लेण्यात सगळे मूर्ती पाहत होते; मी भिंतीवरचे छिन्नीचे घाव पाहत होते. असा कातळ फोडायला किती दिवस लागतात, ते मी घरी पाहिले आहे.

आमची स्वतःची विहीर सात परस खणूनही कोरडी राहिली. शेवटी काळा पाषाण लागला आणि कर्ज तेवढे उरले. दुसऱ्यांना पाणी काढून देणाऱ्याला स्वतःच्या रानात पाणी लागू नये, यावरून गावाने थट्टा केली. मीही एकदा अण्णांना टाकून बोलले होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जतला जेमतेम ५००-६००. खडक एकाच जातीचा. पण आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? अण्णांचा हात चुकला नव्हता. हे मी परीक्षेत लिहिले असते, पण पाटेश्वरला जाईपर्यंत आमच्या विहिरीशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

सुट्टीत घरी गेल्यावर अण्णांना सगळे सांगितले. मूर्तींबद्दल त्यांनी काही विचारले नाही. जरा वेळाने म्हणाले, "तळ्याच्या वरल्या अंगाला झाडी हाय का गं?"

"हाय की, अण्णा."

"मग टिकंल पानी."