वस्तादांनी स्वतःचे गॅरेज काढावे काय?

बेळगावचा मोटारदुरुस्तीचा धंदा रस्त्यांच्या आधाराने वाढला. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागून जातो. गोव्यात उतरायचे तर चोर्ल्याचा घाट आणि सावंतवाडीकडे जायचे तर आंबोलीचा. घाटात क्लच प्लेटी झिजतात, ब्रेकचे लायनर तापतात आणि इकडचा पावसाळा पत्र्याला गंज चढवितो. जाणत्या मिस्त्रीला त्यामुळे येथे कामाची वाण पडत नाही. असा एखादा मिस्त्री, ज्याला गॅरेजातली मुले 'वस्ताद' म्हणतात, पंचवीस-तीस वर्षे दुसऱ्याच्या छपराखाली राबतो आणि पन्नाशीच्या सुमारास त्याच्या मनात येते, 'आता आपलेच काढावे.' घरात लगेच दोन तट पडतात. मुलगा म्हणतो, काढा. पत्नी विचारते, प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे घालायचे आणि ते बुडाले तर? आमच्या मते दोघांचेही म्हणणे ऐकण्याजोगे आहे.

वस्तादांच्या हातातील कसबाविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्या काळी कार्ब्युरेटर खोलून धुणे आणि प्लगच्या रंगावरून इंजिनाची प्रकृती ओळखणे हीच विद्या होती. पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कोणते बेअरिंग वाजते ते सांगणारे वस्ताद आजही आहेत. परंतु त्या मारुतीचे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही धुराविषयीची मानके देशभर लागू झाली. नव्या गाड्यांत जागोजागी सेन्सर आले, डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी बसली. आता कानाच्या जोडीला स्कॅनर लागतो. तो दोषाचा संकेतांक दाखवितो, पण दोषी सेन्सर आहे, त्याची वायर आहे की उंदराने कुरतडलेला जोड आहे, हे शोधण्यास अनुभवी हातच लागतो. विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. तरी सस्पेन्शन, स्टिअरिंग, चाके आणि ब्रेक आहेतच. तात्पर्य, विद्या वाया गेलेली नाही. तिच्यात भर घालावी लागेल.

खरी अडचण कसबाची नसून हिशेबाची आहे. वस्ताद खर्च मांडतात तेव्हा भाडे धरतात, वीज धरतात, पोऱ्याचा पगार धरतात. स्वतःचा पगार मात्र धरीत नाहीत. उदाहरणादाखल आकडे घेऊ. जागेचे भाडे १२,००० रुपये, मदतनिसाचे १४,०००, वीज व किरकोळ ४,०००, चार लाखांच्या कर्जाचा पाच वर्षांचा हप्ता सुमारे ८,७०० आणि आज नोकरीत मिळणारे २८,०००. बेरीज ६६,७०० होते. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले, तर रोज सुमारे २,६७० रुपयांची निव्वळ मजुरी पदरात पडली पाहिजे. सुटे भाग ज्या किमतीस आणले, ती किंमत यात येत नाही. महिनाअखेर २०,००० रुपये उरले की 'नफा झाला' असे वाटते. वस्तुतः नोकरीच्या मानाने ८,००० रुपयांचा तोटाच झालेला असतो.

दुसरी अडचण मुलाहिज्याची. नोकरीत असताना बिलाचे पैसे मालक मागत असे. आता ते वस्तादांनाच मागावे लागतील. गिऱ्हाईक ओळखीचे, गल्लीतले, कधी सोयरेही असते. 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणून गाडी नेली, की सुट्या भागांत गुंतलेले पैसे वस्तादांच्या खिशातून गेलेच. यासाठी काम हाती घेण्यापूर्वी अंदाजपत्रक लिहून द्यावे, भागांचे पैसे आगाऊ घ्यावेत आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती ठेवावा. या शेवटच्या रिवाजाने जेवढा विश्वास संपादन होतो, तेवढा कोणत्याही पाटीने होत नाही.

कायद्याचीही जाण हवी. दुकानाची नोंदणी व महापालिकेचा परवाना आलाच. भाग व मजुरी मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली, की जीएसटीची नोंदणी करावी लागते. जळके ऑइल गटारात सोडणे हा अपराध असून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यासच द्यावे लागते. भांडवलासाठी २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. तारण नसले तरी हप्ता चुकत नाही, हे ध्यानात असावे.

मग काढावे की न काढावे? आमचे मत असे, की काढावे, पण सर्व कामांचे मोठे गॅरेज एकदम काढू नये. ज्या एका कामासाठी लोक आजही वस्तादांचे नाव घेत येतात, मग ते क्लच-ब्रेकचे असो वा सस्पेन्शनचे, तेवढेच घेऊन लहान जागेत आरंभ करावा. बोअर-क्रँकचे काम लेथवाल्याकडे आणि पत्रा-रंगाचे दुसऱ्याकडे पाठवावे. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढून बँकेत ठेवावा व त्यास हात लावू नये. प्रॉव्हिडंट फंडाची सारी रक्कम यात ओतू नये. मुलाने स्कॅनर शिकून घ्यावा. जुन्या मालकाशी गोडीने निरोप घ्यावा. त्याच्याकडची जास्तीची कामे पुढे आपल्याकडे येऊ शकतात.

आणि जमाखर्चाची वही घरात पत्नीच्या हाती द्यावी. ज्या बाईने पगाराच्या ठरावीक रुपयांत मुलांची शिक्षणे उरकली, तिला उधारी कोठे थांबवावी हे वस्तादांपेक्षा अधिक कळते. तिने विचारलेला प्रश्न अपशकुन मानू नये. गॅरेजाचा पहिला हिशेब त्याच प्रश्नापासून मांडावा.