पट फक्त 161, तरी गावच्या शाळेने अख्खं राज्य जिंकलं आणि हॉलिवूडला पिक्चर काढावा लागला

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एक छोटं गाव आहे. स्पेलिंग इटलीतल्या मिलान शहराचं, पण गावकरी उच्चार करतात मायलन. 1954 साली गावची लोकसंख्या होती साधारण अकराशे आणि गावच्या हायस्कूलचा पट होता 161.

हे पब्लिक हायस्कूल. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटलं की भरमसाट फी घेणारी खासगी शाळा डोळ्यासमोर येते. अमेरिकेत मात्र पब्लिक स्कूल म्हणजे लोकांनी भरलेल्या करातून चालणारी सरकारी शाळा.

शाळा म्हणजेच गाव

इंडियानाच्या खेड्यापाड्यांत तेव्हा जवळपास प्रत्येक गावाचं स्वतःचं हायस्कूल असायचं आणि हायस्कूल म्हटलं की बास्केटबॉलची टीम आलीच. हिवाळ्यात शेतीची कामं थंडावली की सगळं गाव शाळेच्या जिममध्ये गोळा व्हायचं. गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त खुर्च्या असलेल्या जिम या राज्यात बांधल्या गेल्या. इंडियानाच्या माणसाला 'हूजर' म्हणतात, त्यावरून या वेडाला नावच पडलं, 'हूजर हिस्टेरिया'.

या वेडाचं मूळ स्पर्धेच्या एका नियमात होतं. राज्याची शालेय स्पर्धा 1911 पासून सुरू होती आणि तिच्यात लहान शाळा, मोठी शाळा असे गटच नव्हते. शंभर पोरांची शाळा असो की दोन हजारांची, ट्रॉफी एकच. 1954 साली या एका ट्रॉफीसाठी 751 शाळा उतरल्या होत्या.

त्या रात्री काय झालं?

मायलनचे कोच होते मार्विन वूड, वय अवघं 26. आदल्या वर्षीच त्यांची टीम राज्याच्या सेमीफायनलपर्यंत पोहोचली होती. त्यामुळे मायलन अगदीच कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, असं नाही.

पण 20 मार्च 1954 च्या फायनलला समोर होती मन्सी सेंट्रल. शहरातली, मायलनच्या कितीतरी पट मोठी आणि त्याआधी चार वेळा राज्य जिंकलेली शाळा. मॅच होती इंडियानापोलिसच्या बटलर फील्डहाऊसमध्ये, प्रेक्षक सुमारे 15 हजार.

मोठ्या टीमसोबत धावपळीत टिकाव लागणार नाही, हे ओळखून वूड यांनी खेळ संथ ठेवला. शेवटच्या आठ मिनिटांच्या डावात मायलन दोन गुणांनी मागे होतं. तरीही बॉबी प्लंप हा खेळाडू चार मिनिटांहून जास्त वेळ बॉल हातात धरून नुसता उभा राहिला. ठराविक सेकंदांत शॉट मारलाच पाहिजे, असा नियम तेव्हा नव्हता. एनबीएमध्येही 24 सेकंदांचं घड्याळ आलं ते त्याच वर्षाच्या हंगामात.

पुढे स्कोअर झाला 30-30. शेवटची काही सेकंदं उरली असताना प्लंपने उडी मारून शॉट घेतला आणि बॉल थेट बास्केटमध्ये. मायलन 32, मन्सी 30.

दुसऱ्या दिवशी टीम गावात परतली तेव्हा स्वागताला हजारोंची गर्दी लोटली होती. गावच्या पाण्याच्या टाकीवर लिहिलं गेलं, 'स्टेट चॅम्प्स 1954'. 1986 साली याच विजयावरून 'हूजर्स' हा पिक्चर आला. त्यात गावाचं नाव बदलून हिकरी केलं आणि तरुण वूड यांच्या जागी जीन हॅकमनने उतारवयातला कोच रंगवला. फायनलचं शूटिंग मात्र त्याच फील्डहाऊसमध्ये झालं.

मग अशा शाळा गेल्या कुठे?

1959 साली इंडियानात शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा आला. कारण खरं होतं. दीडशे पोरांच्या शाळेला प्रयोगशाळा, प्रत्येक विषयाचा शिक्षक आणि भरपूर पर्यायी विषय परवडत नव्हते. म्हणून चार गावांच्या शाळा मिळून एक मोठी शाळा करायची, असं धोरण ठरलं. 1997 पर्यंत स्पर्धेत उतरणाऱ्या शाळांची संख्या 1954 च्या जवळपास निम्म्यावर आली.

पोरांना सोयी मिळाल्या. पण कित्येक गावांच्या हायस्कूलचं नाव गेलं, टीमचे रंग गेले आणि गाव एकत्र यायची जागाही गेली.

स्पर्धेतही दरी वाढत गेली. मायलननंतर इतक्या लहान शाळेला खुली ट्रॉफी पुन्हा कधी जिंकता आली नाही. शेवटी 1997-98 पासून पटानुसार गट पडले. लहान शाळांनाही ट्रॉफी मिळायला हवी, असं समर्थकांचं म्हणणं होतं. विरोधाच्या मोहिमेत खुद्द बॉबी प्लंप पुढे होते. बरोबरीच्यांना हरवणं वेगळं आणि राज्यातल्या सगळ्यांना हरवणं वेगळं, हा विरोधकांचा मुद्दा होता. आता नवं मायलन घडणं नियमानेच अशक्य झालं.

मायलनचं हायस्कूल मात्र अजून सुरू आहे आणि गावात 1954 च्या टीमचं संग्रहालयही आहे. शाळेचा हिशेब खर्च आणि पटावर मांडावाच लागतो, पण 'ही आमची शाळा' या भावनेसाठी त्या हिशेबात रकाना नसतो. मायलनची गोष्ट अजून सांगितली जाते, ती बहुधा त्यामुळेच.