चारुलतेची दुर्बीण

नाटकांत रंगविलेला पडदा सोडला, कीं राजवाडा झाला असें मानण्याची आपणांस जुनी संवय आहे. त्यामुळें चित्रपट पाहतांनाही भिंती, खिडक्या, खुर्च्या यांस आपण केवळ सजावट समजतों आणि पात्राचा स्वभाव कळण्यासाठीं तें कधीं बोलेल याची वाट पाहतों. श्रोतेहो, माझी ही संवय सत्यजित राय यांच्या 'चारुलता' (१९६४) या बंगाली चित्रपटानें मोडली.

कथानक रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड' या कथेवरून घेतलेलें आहे. स्थळ कलकत्ता, काळ १८७९ च्या सुमाराचा. भूपति हा सधन आणि सज्जन गृहस्थ. राहत्या घरांतच छापखाना घालून तो इंग्रजी वर्तमानपत्र चालवितो. चारु ही त्याची पत्नी. मूल नाहीं, आणि कामास नोकरचाकर आहेत.

आरंभींचीं कांहीं मिनिटें जवळ जवळ मुकीं आहेत. चारु रुमालावर पतीच्या नांवाचें आद्याक्षर भरते, कपाटांतून पुस्तक काढते, आणि मग मुठीची एक लहान दुर्बीण घेऊन खिडकीशीं जाते. झडपा किलकिल्या करून ती रस्ता न्याहाळते. माकडवाला जातो, पालखी जाते. छत्री घेतलेला एक लठ्ठ गृहस्थ दृष्टीआड होऊं नये म्हणून ती एका खिडकीवरून दुसरीकडे धांवते. बन्सी चंद्रगुप्त यांनीं हें घर स्टुडिओंत उभारलें. त्यांतील जड पलंग, वेलबुट्टीच्या भिंती आणि रांगेनें असलेल्या त्या झडपा पाहिल्या, म्हणजे या बाईस उणें कशाचें आहे, हें कोणी सांगावें लागत नाहीं. तिला जग दिसतें, पण फटीएवढेंच.

इतक्यांत भूपति पुस्तक वाचीत तिच्या अगदीं जवळून जातो, तसाच परत येतो. तिच्याकडे त्याचें लक्षच नाहीं. तेव्हां चारु तीच दुर्बीण डोळ्यांशीं धरून आपल्या पाठमोऱ्या पतीकडे पाहते. रस्त्यावरील परक्यांसाठीं जें साधन, तेंच घरच्या माणसासाठीं! मग तिचा हात हळूच खालीं येतो. येथें संवाद घातला असता, तर माझ्या मतें सारें फुकट गेलें असतें.

आपल्याकडे 'कुंकू' (१९३७) मध्यें शांतारामांनीं वृद्ध काकासाहेबांच्या घड्याळाचा असाच उपयोग केला होता. परंतु त्या घड्याळाचा अर्थ लगेच उमगतो, आणि पुढें तो बदलत नाहीं. दुर्बिणीचा अर्थ मात्र बदलत जातो. भूपतीचा आतेभाऊ अमल घरीं येतो. बागेंत तो लिहीत बसला असतां चारु झोंपाळ्यावरून दुर्बीण फिरविते. शेजारच्या खिडकींत एक आई आणि तिचें मूल दिसतें. तेथें दृष्टि क्षणभर थांबते, नंतर अमलकडे वळते. आपल्या मनांत काय चाललें आहे, हें चारुला त्याच क्षणीं कळतें, आणि तिच्याबरोबर आपणांसही.

अमलला लिहिण्यासाठीं तिनें स्वहस्तें वही करून दिलेली असते. त्यांतील लेखन छापावयाचें नाहीं, ही तिची अट. तो छापतो. वहीसंबंधीं याहून अधिक सांगत नाहीं. तो भाग प्रत्यक्ष पहावा.

शेवटीं सर्व कांहीं कळलेला भूपति दाराशीं येतो. चारु हात पुढें करते, तोही करतो. नोकर दिवा घेऊन येतो. दोन्ही हात एकमेकांस लागण्यापूर्वींच चित्र निश्चल होतें, आणि तें मोठें घर त्या दिव्याच्या उजेडांत तसेंच उभें राहतें.