पाली एकत्र शिकताना: पाठ आहे, पण कळलंय का?



आमच्या विहारात रविवारची वंदना झाली की आम्ही सात-आठ जण पाली शिकायला बसतो. शिकवणारं कोणी नाही. एक निवृत्त पोस्टमन काका, दोन काकू, बारावीची मुलं आणि रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारी मी. सगळ्यांत आधी मलाच येणार असं मला वाटलं होतं. (तसं काही झालं नाही.)

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा मराठीत दिल्या, त्रिशरण-पंचशील मात्र पालीतच राहिलं. त्यामुळे आमच्या घरांत लहानपणापासून पाली तोंडपाठ असते, आणि अर्थ विचारला की गप्प. आम्ही सुरुवात तिथूनच केली.

'पाणातिपाता' हा पहिला शब्द. शेवटचा 'आ' बघा. पालीत तो पुल्लिंगी अनेकवचनाच्या प्रथमेत येतो आणि पंचमीच्या एकवचनातही. मग इथे कोणता? पुढे 'वेरमणी' आहे, म्हणजे दूर राहणं. दूर कशापासून, हे सांगायला पंचमीच लागते: जीवहत्येपासून. नुसत्या प्रत्ययावर निर्णय होत नाही, शेजारचा शब्द पुरावा देतो. शेवटचं क्रियापद 'समादियामि'. यातला 'मि' म्हणजे प्रथमपुरुषी एकवचन: मी ग्रहण करतो, करते. आज्ञार्थ नाही! मी इतकी वर्षं पंचशील 'अमुक करू नकोस' अशा थाटात समजत होते. इथे हुकूम देणारं कोणी नाही, शिकण्याचा नियम आपणच आपल्यावर घेतोय.

आता माझी फजिती. मराठी येणाऱ्याला पाली सोपी वाटते, कारण नातं कानालाच कळतं: हत्थ-हात, सत्त-सात, अज्ज-आज. जोडाक्षरातलं एक व्यंजन गळतं आणि आधीचा स्वर लांबतो. (पाली ही मराठीची आई नव्हे हं, मराठी महाराष्ट्री प्राकृताच्या वळणाची. नातं मावशीचं म्हणा.) या जोरावर मी एका उताऱ्याचं भाषांतर करून नेलं आणि 'वेदना'चा अर्थ सरळ वेदना, म्हणजे दुखणं, असा लिहिला. काकूंनी पान वाचलं आणि विचारलं, "अगं, पुढे 'सुखा वेदना' आहे. सुखाची कसली गं वेदना?"

पालीत वेदना म्हणजे जे जाणवतं ते. ती सुखद असते, दुःखद असते आणि दोन्ही नसलेलीही असते. माझं अख्खं पान चुकलं होतं. अनोळखी शब्द मी कोशात पाहिले होते, हा ओळखीचा म्हणून पाहिलाच नाही. प्रयोगशाळेत नेहमीच्या बाटलीवरचं लेबल न वाचता द्रावण घेण्यासारखंच हे.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. प्रत्येकाने घरी स्वतंत्र भाषांतर करायचं, एकमेकांची वही बघायची नाही. रविवारी सगळी भाषांतरं शेजारी ठेवायची आणि जिथे फरक पडेल तिथेच वेळ घालवायचा. कोश त्यानंतर. बाबासाहेबांनी स्वतः केलेला पाली कोश महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या 16व्या खंडात आहे. ग्रंथालयात मिळाला तर जरूर चाळा. एका बैठकीत आमचे दहा शब्द होतात, कधी चारच.

या रविवारी 'अत्थ' आहे. संस्कृत 'अर्थ'ही पालीत 'अत्थ' होतो आणि सूर्याचा 'अस्त'ही. पोस्टमन काकांचा कल 'अस्त'कडे आहे, माझा 'अर्थ'कडे, आणि काकूंनी अजून वही उघडलेली नाही.