यादीबाहेरचे परिपूर्ण सामने

बेसबॉलचा सामना नऊ डावांचा. प्रत्येक डावात प्रतिपक्षाचे तीन खेळाडू बाद करायचे, म्हणजे एकूण २७. चेंडू टाकणाऱ्या पिचरने एकाही फलंदाजाला पहिल्या बेसवर पोचू दिले नाही, ना फटक्यावर, ना चेंडू भरकटल्याने, ना क्षेत्ररक्षकाच्या चुकीने, तर तो ‘परफेक्ट गेम’. नुसता सुरक्षित फटकाच मारू दिला नाही, तर ‘नो-हिटर’. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये १८८० पासून २०२३ अखेर दोन लाखांहून अधिक सामने झाले; त्यांत अधिकृत परफेक्ट गेम अवघे २४.

ही मोजदाद शक्य झाली ती गुणलेखनामुळे, आणि त्या परंपरेच्या मुळाशी क्रिकेट आहे. इंग्लंडात जन्मलेला हेन्री चॅडविक न्यूयॉर्क परिसरातील क्रिकेटची वार्तापत्रे लिहीत असे. पुढे तो बेसबॉलकडे वळला आणि क्रिकेटच्या धावफलकाचा धडा घेऊन त्याने बेसबॉलचा गुणतक्ता घडवला. तीन स्ट्राइकवर बाद झालेल्या फलंदाजापुढे आजही ‘के’ लिहितात, ती त्याचीच खूण. ‘एस’ हे अक्षर दुसऱ्या नोंदीसाठी आधीच वापरात होते, म्हणून त्याने ‘स्ट्रक’ या इंग्रजी शब्दाचे शेवटचे अक्षर घेतले.

पण तक्त्यात उतरलेली प्रत्येक कामगिरी मानाच्या यादीत जातेच असे नाही.

२६ मे १९५९. मिलवॉकी येथे पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सने ओळीने ३६ फलंदाज बाद केले. एकूण बारा डाव, सगळे निष्कलंक. परंतु त्याच्या संघालाही धाव काढता आली नव्हती, त्यामुळे सामना लांबला. तेराव्या डावात सहकाऱ्याच्या चुकीने पहिला खेळाडू बेसवर पोचला. पुढे जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापार धाडला. मात्र धावताना त्याने पुढच्या हँक ॲरनला ओलांडले, म्हणून तो होम रन न ठरता दोन बेसचा फटका ठरला. हॅडिक्स १-० असा हरला. गंमत म्हणजे जिंकलेल्या लू बर्डेटने बारा सुरक्षित फटके दिले होते.

१९९१ साली लीगच्या समितीने नो-हिटरची व्याख्या पक्की केली: किमान नऊ डाव आणि सामना संपेपर्यंत एकही सुरक्षित फटका नाही. त्या सरशी पन्नास सामने यादीतून गळाले. हॅडिक्सचाही गेला.

हॅडिक्सला व्याख्या आडवी आली. अर्मांडो गॅलारागाला पंचाची नजर. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये त्याने २६ जण बाद केले होते. सत्ताविसावाही बाद होता, पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद दिले. सामन्यानंतर चित्रफीत पाहून त्यांनी चूक कबूल केली, गॅलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी गॅलारागानेच मैदानावर येऊन संघाची यादी त्यांच्या हाती दिली. पंचांचे डोळे भरून आले. तरीही आयुक्त बड सेलिग यांनी निकाल फिरवला नाही. अशा निर्णयांसाठी चित्रफितीचा आधार घेण्याची सोय २०१४ पासून झाली. गॅलारागाच्या नावे मात्र एक फटका कायम राहिला.

हा अन्याय म्हणावा का? मैदानावर जे घडले त्याला उशिरा न्याय देत बसले, तर कुठे थांबायचे हा प्रश्न उरतोच. २४ या आकड्याला वजन आहे ते त्याच कठोरपणामुळे. पण यादी म्हणजे नोंदवही नव्हे. यादी व्याख्येने बनते आणि व्याख्येनेच बदलते. त्या रात्रीचा तक्ता वेगळा: त्यात हॅडिक्सच्या पराभवाशेजारीच ते ३६ फलंदाजही आहेत, एकामागून एक बाद झालेले. १९९१ च्या समितीला त्यांतला एकही खोडता आला नाही.