शोभेच्या माशांसाठी गाळणी कोणती घ्यावी?

हातखंब्याहून रत्नागिरीस जाऊन तेथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहिल्यावर घरीही काचपेटीत मासे पाळावेत, असे वाटणे साहजिक आहे. परंतु नितळ पाणी म्हणजे निर्दोष पाणी नव्हे. माशांचे उत्सर्जन व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया हे अदृश्य विष निर्माण होते. गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर कमी अपायकारक नायट्रेट करतात.

लहान पेटीस हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी पुरते. तीत पिले ओढली जात नाहीत. मोठ्या पेटीस अधिक क्षमतेची गाळणी घ्यावी. स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊ नये, जीवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. शेणखत कुजावे लागते, तशी गाळणीही काही आठवडे मुरावी लागते. तोवर मासे थोडेच सोडावेत.